आडव्या माणसाचा रस्ता

दार घासायला लागलं की सुताराला बोलवावं, एवढी अक्कल मला होती. त्यापुढची नव्हती, हे कळायला तीन वेळा सुतार बोलवावा लागला.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. नट-बोल्टांपासून खराट्यापर्यंत सगळं माझ्या ताब्यात, आणि स्टोअरच्या पाठीला लागून असलेली अ‍ॅसिडची खोलीही माझ्याच गळ्यात. तिकडे जायचं दार एका पावसाळ्यात खालून घासायला लागलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. सुताराकडून दार खालून तासून घेतलं. दिवाळीला पुन्हा घासायला लागलं. पुन्हा तासलं. मग मार्चमध्ये, म्हणजे लाकूडच काय, माणूसही वाळून जातो त्या दिवसांत, दार परत अडलं. मी सुताराला वर सुनावलं, "अरे, एकदाच नीट तास की. किती खेपा घालशील?" त्यानं माझ्यावरचा राग दारावर काढला. आता दाराचं एक टोक जमिनीला टेकायला आलेलं आणि दुसऱ्या टोकाखालून मांजर शेपटी वर करून ये-जा करू शकेल एवढी फट. मांजर करायचीही.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या बांधकामाची देखभाल बघायला नवा सुपरवायझर आला. पन्नाशी उलटलेला, काळसर, किडकिडीत माणूस. हातात पितळी मुठीची काठी. नाव चुरी, गाव माकुणसार. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना आप्पा म्हणायला लागले. मी त्यांना मोठ्या हौसेनं दार दाखवलं. "तीनदा तासलं. लाकूडच भिकार आहे."

आप्पांनी दाराकडे बघितलंच नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून काचेची एक गोटी काढली. पोरं खेळतात तसली, हिरवी. वाकून ती दाराजवळ जमिनीवर ठेवली आणि बोट उचललं. गोटी घरंगळत माझ्या टेबलापर्यंत आली आणि माझ्या बुटाला लागून थांबली.

"साहेब," आप्पा म्हणाले, "दार जागेवरच हाय. जमीन वर आली."

एवढं बोलून त्यांनी गोटी उचलली, शर्टाला पुसली आणि खिशात टाकली. मला हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

आप्पा हसायचे नाहीत, रागवायचे नाहीत, घाई करायचे नाहीत. चेहरा शाळेच्या भिंतीवरच्या पुसलेल्या फळ्यासारखा. मेंदूत काहीतरी लिहिलेलं असावं, पण वरून नुसता खडूचा पांढरेपणा. कॅन्टीनमध्ये ते कायम दाराजवळच्या बाकावर बसायचे, डबा खायचे आणि खाताना जमिनीकडे बघायचे. अ‍ॅसिडच्या पंपावर गजा तांडेल म्हणून तारापूरच्या बाजूचा एक कोळी होता. तिशीतला, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. तो रोज सुक्या बोंबलाची चटणी आणायचा आणि रोज आप्पांना छेडायचा. "आप्पा, खाली काय बघता? पैसं पडलंत काय?"

"वरचं बोलतं रे," आप्पा म्हणायचे. "चाल सुटायच्या आधी आवाज करते. खालचं बोलत नाय."

चाल म्हणजे खाणीतलं छत, सुटणं म्हणजे कोसळणं. आप्पा वीसेक वर्षं बिहारात एका खोल कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते. ओव्हरमन म्हणजे खालच्या पाळीचा मुकादम. सगळे रस्ते फिरून बघायचे आणि वहीत लिहायचं. रेल्वेतल्या मामानं त्यांना मॅट्रिक झाल्या झाल्या तिकडे नेऊन चिकटवलं. नारळी-पोफळीच्या वाडीतला मुलगा हजार फूट खाली गेला तो तिथेच राहिला, आणि एक दिवस अचानक नोकरी सोडून माकुणसारला परतला. का, ते कोणाला माहीत नव्हतं. गावात म्हणे लोक विचारायचे आणि आप्पा सांगायचे, "हवा मानवली नाय." वीस वर्षं मानवली आणि मग नाही.

त्यांची एक खोड मात्र सगळ्यांना खटकायची. कुठल्याही नव्या जागेत शिरले की ते काठी आडवी धरून दाराची रुंदी बघायचे, मग उभी धरून उंची बघायचे. काठीवर चाकूनं खाचा पाडलेल्या होत्या. मग स्वतःशीच विचारावं तसं पुटपुटायचे, "आडवा माणूस निघेल का?"

हे त्यांनी आमच्या घरी केलं तेव्हा आमच्यात जवळजवळ घटस्फोट व्हायची वेळ आली होती. बोईसरमध्ये स्टेशनजवळच्या एका नव्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला होता. वास्तुशांतीला कारखान्यातले सगळे आले. मंदानं, म्हणजे आमच्या हिनं, सकाळपासून पुऱ्या तळलेल्या, जिन्यात रांगोळी काढलेली. आप्पा जिना चढून आले ते घरात न येता वळणावरच थांबले. काठी आडवी धरली, तिरकी धरली, कठड्याला लागली. मग वर येऊन त्यांनी श्रीखंड घेतलं, दोन पुऱ्या खाल्ल्या, आणि हात धुताना मंदाला अगदी आदरानं म्हणाले, "वहिनी, जागा झकास हाय. पण जिन्याच्या वळणातनं आडवा माणूस नाय निघायचा."

माझी सासू देवघराकडे बघून हात जोडायला लागली.

गजा म्हणाला, "आप्पा, आज गृहप्रवेश हाय. आधी आत तर जाऊ द्या त्यांना."

मंदा त्यांच्यासमोर काही बोलली नाही. माणसं गेल्यावर बोलली. "तुमच्या कारखान्यात अशीच माणसं आहेत की ही एकच? माझ्या घरात पहिल्या दिवशी मढं काढायची गोष्ट! परत त्यांना बोलवायचं नाही." मी म्हटलं, ते खाणीतले आहेत. ती म्हणाली, "मग खाणीत जाऊ दे." मी मनातल्या मनात जिन्याचं वळण मोजलं. आप्पांचं बरोबर होतं. पण मी काही बोललो नाही. बरोबर असलेल्या गोष्टी न बोलण्याची मला सवय आहे. संसार तीस वर्षं टिकला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे. मंदाचं काय आहे ते विचारलेलं नाही.

आता त्या दाराचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच घडली.

दारापलीकडे वीसेक पावलांचा एक अरुंद बोळ होता. वरून अ‍ॅसिडचे पाइप गेलेले, एका बाजूला टाकीची भिंत. बोळाच्या टोकाला अ‍ॅसिडची खोली, म्हणजे गजाची पंपाची खोली. तिला दुसरं दार नव्हतं. पाळीभर गजा तिथे बसायचा, आणि त्याला बाहेर यायला हा एकच रस्ता. बोळ बांधला तेव्हा माणूस ताठ उभा राहून जायचा. आता मध्यावर जमिनीला म्हशीच्या पाठीसारखा उंचवटा आलेला आणि वरच्या पाइपांखालून गजाला कंबरेत वाकून जावं लागत होतं. आप्पा येण्याच्या आधी मॅनेजरसाहेबांनी एकदा तो उंचवटा छिन्नीनं फोडून काढला होता आणि वर सिमेंट ओतलं होतं. चार महिन्यांत उंचवटा सिमेंटसकट परत वर आला.

आप्पांनी बोळात एक दगडी फरशी उचकटून खालची माती हुंगली. "टाकीचं गटार फुटलंय. अ‍ॅसिड खाली मुरतं. माती फुगते." मग हे मला समजावं म्हणून ते म्हणाले, "तुमी कदी खाजणात उतरलात?"

केळव्याच्या खाजणात मी एकदा उतरलो होतो आणि एक चप्पल तिथेच ठेवून आलो होतो. तेवढ्या अनुभवावर मी हो म्हटलं.

"खाजणात उभे राहा. दोन पाय दाबा. चिखल कुठनं वर येतो? दोन पायांच्या मधनं. खाणीत तसंच. कोळसा काढला की मदी रस्ता राहतो, दोन बाजूला कोळशाचे खांब. वर हजार फुटांचा डोंगर. त्यो डोंगर खांबांवर बसतो, खांब खाली रुततात, आणि खालची माती जिथं मोकळी जागा सापडेल तिथं वर येते. म्हणजे रस्त्यात. मोठे साहेब म्हणतात, तळ कापा. आपण कापतो. म्हणजे काय केलं? पायाच्या मधला चिखल काढला. पाय अजून खाली. चिखल अजून वर."

"मग करायचं काय?"

"पाणी तोडायचं पयलं. ओल्या तळाला ताकद नसते. खांब रुंद ठेवायचे. रस्त्याच्या कडेला चर मारायचा, फुगायचंय ना, तिकडं फुग म्हणावं. आणि वर जशी कमान असते तशी खाली उलटी कमान घालायची, कढईसारखी. खालनं रेटा आला की कढई त्यो रेटा दोन कडांना वाटून देते. सपाट फरशी काय करते? मोडते."

इथे डोंगर नव्हता, अ‍ॅसिड होतं. पण उपाय तेच, आप्पांच्या मते. टाकी रिकामी करायची, गटार नवं घालायचं, नासलेली माती काढायची, खाली कढई घालायची. मॅनेजरसाहेबांच्या मते टाकी पंधरा दिवस बंद म्हणजे कारखाना पंधरा दिवस बंद. साहेब वाईट नव्हते. त्यांच्यावर वरून दाब होता, आणि तो दाब ते खाली देत होते. ते म्हणाले, "चुरी, परत एकदा फोडून काढा ना. पावसाळ्यानंतर बघू."

"फोडणार नाय," आप्पा म्हणाले.

त्या काळी दर शनिवारी एक वही भरायची असे. दिवे, वाळूच्या बादल्या, दारं, रस्ते. अ‍ॅसिडच्या बोळापुढे ‘रस्ता चालू’ लिहून सही करायची. आप्पांनी ती दोन शब्दांची जागा कधी भरली नाही. ते उंची लिहायचे. मधोमध पाइपापासून जमीन इतके फूट, इतके इंच. पुढच्या शनिवारी एक बोट कमी. साहेब वैतागले. वरची माणसं वही बघायला येणार होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पाटील, अ‍ॅसिडची खोली तुमच्या ताब्यात आहे ना? मग तुम्ही भरा. गजा रोज जातो-येतो की नाही?"

जात-येत होता. वाकून, पण जात होता. मी लिहिलं, ‘रस्ता चालू’. पूर्ण सही केली. अक्षर माझं चांगलं आहे. माझ्या आयुष्यात लोकांनी कौतुक केलेली तेवढी एकच गोष्ट.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही पाळीच्या बससाठी गेटवर उभे होतो. गजा माझ्या पाठीवर थाप मारून त्याच्या सायकलवरून निघून गेला होता. आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. वही त्यांनी बघितली होती, हे मला त्यांनी न सांगताच समजलं. मी उगाच घड्याळाकडे बघत राहिलो.

आप्पा समोरच्या रस्त्याकडे बघत बोलायला लागले. बसच्या वेळापत्रकाची चौकशी करावी तशा आवाजात.

"माणसांच्या जायच्या-यायच्या एका रस्त्याचा तळ वर येत होता. आमी दर रविवारी कापायचो. सोमवारी परत हाय तसा. मी तीनदा लिवून दिलं, पाणी काढा, कमान घाला. वरनं यायचं, तळ काटो, काम चलाओ. शेवटी शेवटी तर माणसं रांगत जायची. रोज सकाळी मी रस्ता बघायचो आणि वहीत लिवायचो, रास्ता चालू. खोटं नाय लिवलं. माणूस जात होता. रांगत, पण जात होता."

बस आली नव्हती.

"एक दिवस आत चाल सुटली. सुखदेव म्हणून एक होता, माझ्याच पाळीचा. कंबर मोडली त्याची. बोलत होता. मला म्हणाला, आप्पाजी, घर पर मत बताना, मैं खुद बताऊँगा. स्ट्रेचरवर घातला. आणि त्या रस्त्याला आलो." आप्पांनी काठी जमिनीवर टेकवली. "रांगत जाणारा माणूस जातो. आडवा माणूस न्यायचा तर त्याच्या दोन बाजूला चार जण लागतात, आणि त्या चौघांना उभं राहायला जागा लागते. ती नव्हती. ओढला आमी त्याला. उंचवट्यावर स्ट्रेचर अडकायचं. खाली उतरवायचा, ओढायचा, परत चढवायचा. शंभर पावलांचा रस्ता. दोन तास लागले."

"मग?"

"निघालो तेव्हा बोलत होता. पोचलो तेव्हा नाय."

बस आली. आम्ही चढलो. जागा होती तरी आप्पा दाराजवळ उभे राहिले. बोईसर स्टेशनच्या स्टॉपवर मी उतरताना ते म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. तुमी लिवलंत तेबी खोटं नाय."

शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन मंदाला सांगितल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. हे सांगण्यासारखं नव्हतं. त्या रात्री मी जेवलो आणि झोपलो. झोपही लागली. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठाला वाटतं तसं. ओठ आपलाच, पण चिमटा काढला तरी परक्याला काढल्यासारखा.

पुढच्या शनिवारी दुपारी आप्पांनी एक स्ट्रेचर आणलं. दोन बांबू आणि मध्ये तागाचं पोतं शिवलेलं, घरीच केलेलं. चार माणसं बोलावली, त्यात गजा. मॅनेजरसाहेबांनाही बोलावलं. "पाच मिनिटं, साहेब. बोळाच्या तोंडाशी उभं राहायचं फक्त." साहेब आले. मीही होतो, माझ्या त्या तासलेल्या दाराला पाठ लावून.

आप्पा बोळातून वाकून पंपाच्या खोलीत गेले, काठी भिंतीला टेकवली आणि स्ट्रेचरवर उताणे झोपले. हात छातीवर. "उचला," ते म्हणाले. "बाहेर काढा मला. घाई करा, माझी कंबर मोडलीय."

कोणीतरी हसलं. गजा नाही हसला. चौघांनी उचललं. पहिली पाच-सहा पावलं बरी गेली. मग पुढच्या दोघांची डोकी पाइपाला आली. ते वाकले. उंचवटा आला तसे ते आणखी वाकले, गुडघ्यावर आले, आणि मागचे दोघे अजून उभेच, म्हणून स्ट्रेचर पुढच्या बाजूला कललं आणि आप्पा डोक्याच्या बाजूनं घसरायला लागले. "खाली घ्या, खाली घ्या," गजा ओरडला. खाली घ्यायला जागा कुठे होती? बांबूचं टोक एका पाइपाच्या जोडाखाली अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. गजानं जोर लावला तसा जोड हलला, आणि वरून एक थेंब पडला.

तो आप्पांच्या खांद्यावर पडला. शर्टातून बारीक धूर निघाला. कापड आमच्या डोळ्यांदेखत वितळलं, पैशाएवढं भोक पडलं, खाली कातडी. आप्पा हलले नाहीत. हात छातीवर तसेच. डोळे उघडे, पाइपांकडे. मी आजवर पुष्कळ माणसं झोपलेली बघितली, आजारी बघितली, गेलेलीही बघितली. इतका स्वस्थ पडलेला जिवंत माणूस बघितला नाही. त्यांच्याकडे बघताना मला वाटून गेलं, की हे आपल्यासमोर नाहीतच.

"पाणी!" गजा किंचाळला. "पाटीलसाहेब, बघताय काय? पाणी!"

मी वाळूची बादली उचलली. मग ती ठेवून पाण्याची उचलली. तोवर गजानं स्वतःच नळीनं पाणी सोडलं होतं. आप्पांना स्ट्रेचरवरून उतरवून मागे पंपाच्या खोलीत नेलं, बसवलं, आणि मग बोळातून वाकवून, चालवत बाहेर आणलं.

बाहेर येऊन आप्पांनी साहेबांना विचारलं, "किती वेळ लागला?"

साहेबांनी घड्याळ बघितलं नव्हतं. ते आप्पांच्या खांद्याकडे बघत होते. म्हणाले, "टाकी रिकामी करायला किती दिवस लागतील?"

"दोन," आप्पा म्हणाले.

मग ते काम झालं. टाकी रिकामी झाली, गटार नवं झालं, माती काढली ती पिवळी-हिरवी, नाकाला झोंबणारी. आप्पांनी बोळाच्या तळाला कढईसारखी कमान घातली, कडेला वाळूचे चर सोडले, वर सपाट फरशी. गजा पहिल्या दिवशी ताठ मानेनं गेला आणि सवयीनं मध्येच वाकला. सगळे हसले. तो परत मागे येऊन ताठ गेला. आप्पा दर शनिवारी उंची मोजत राहिले. ती बदलली नाही. तरी ‘रस्ता चालू’ त्यांनी कधी लिहिलं नाही. उंची लिहायचे, आणि त्यापुढे ‘आडवा माणूस निघतो’.

जमीन खाली गेल्यावर माझ्या दाराखाली वीतभर फट राहिली. सुतारानं खाली लाकडाची पट्टी ठोकून दिली. मी नोकरी सोडेपर्यंत ती पट्टी होती. नवा माणूस आला की विचारायचा, हे काय? मी सांगायचो, लाकूड भिकार होतं.

आप्पा निवृत्त होऊन माकुणसारला गेले. तीन-चार वर्षं तरी गाठ पडली नव्हती. मग एका रविवारी केळव्याला मंदाच्या मावसबहिणीकडे गेलो होतो, तिथून मी तिला म्हटलं, आप्पांकडे डोकावू. ती म्हणाली, "मी येते, पण त्यांनी काठी काढली तर मी उठून जाईन."

आप्पांचं घर वाडीच्या मध्ये, पोफळींच्या सावलीत. जुनं घर त्यांनी उतरवून नवं बांधलं होतं. गावात त्या घराला लोक हसायचे, कारण दारं गोठ्याच्या दारांएवढी रुंद आणि घराला उंबरठाच नव्हता. मंदा पाय उंच टाकून आत गेली आणि अडखळली, नसलेल्या उंबरठ्याला. ओटीवर वळचणीखाली तेच स्ट्रेचर दोन खुंट्यांवर टांगलेलं. आप्पांची बायको, त्यांना सगळे काकी म्हणत, गोल चेहऱ्याच्या आणि बोलक्या. आप्पांनी आयुष्यात न वापरलेले सगळे शब्द त्यांच्या वाट्याला आले असावेत.

"बघा हो बाई," त्या मंदाला म्हणाल्या, "ही तिरडी बारा महिने माझ्या डोक्यावर. पावणे येतात, वर बघतात, आणि चहा नको म्हणतात. मी सांगते, तुमच्या वकताला वापरा, आता पोटमाळ्यावर टाका. तर नाय. उंबरठा नाय. लक्ष्मी येऊन बसंल कुठं? सरळ मागच्या दारानं भायेर जाईल!"

मंदाला जन्मभराची मैत्रीण भेटली. दोघी आत गेल्या. आप्पा झोपाळ्यावर, मी खुर्चीवर. आम्ही काही बोललो नाही, आणि ते चांगलं चाललं होतं.

मग आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून मंदाचा. काकी मागच्या स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर घसरल्या होत्या. उठता येईना. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. तोंड पांढरं. "हलवू नका मला," त्या म्हणत होत्या, "आई गं, हलवू नका." मी त्यांना काखेत धरून बसवायला वाकलो. मंदानं माझा हात हिसडला.

आप्पा दारात आले. बघितलं. परत गेले. मला वाटलं माणूस घाबरला. ते स्ट्रेचर घेऊन आले. शेजारच्या वाडीतले तिघे हाकेला धावून आले, चौथा मी. काकींना अलगद पोत्यावर घेतलं. आप्पांनी हात लावला नाही. ते आमच्या पुढे, आमच्याकडे तोंड करून, उलटे चालत होते. डोळे बायकोच्या चेहऱ्यावर नव्हते. आमच्या पायांवर होते. स्वयंपाकघराचं दार, माजघर, माजघराचं दार, ओटी, ओटीची पायरी नव्हती तिथे उतार होता, मग अंगण. काकी मधूनच कण्हत म्हणाल्या, "सावकाश रे मेल्यांनो," आणि शेजारचा एक म्हणाला, "काकी, पालखीत बसलीस असं समज." आम्हाला कुठे वाकावं लागलं नाही. कुठे थांबावं लागलं नाही. बांबूचं टोक कशाला लागलं नाही. वाडीच्या वाटेवरून रस्त्यापर्यंत तसेच चालत आलो. शेजारच्यांचा टेम्पो उभा होता, त्यात स्ट्रेचरसकट काकींना ठेवलं.

आप्पा चढायच्या आधी माझ्याकडे वळले.

"किती वेळ लागला, बघितलंत?"

या खेपेला मी बघितलं होतं. का बघितलं ते माहीत नाही. "चार मिनिटं," मी म्हटलं.

"चार," आप्पा म्हणाले.

ते चढून काकींच्या पायाशी बसले, एक हात बांबूवर. टेम्पो पालघरच्या दिशेनं निघाला. काकी आतून काहीतरी सांगत होत्या, बहुतेक दार लावायचं. आप्पा मागे बघत होते. आमच्याकडे नाही, रस्त्याकडे. चेहऱ्यावर नेहमीसारखंच, म्हणजे काहीच नाही. फक्त ओठ हलत होते. वळणावर टेम्पो दिसेनासा झाला. काकी पुढे बऱ्या झाल्या, आप्पांच्याच काठीवर चालायला लागल्या, असं कळलं. आप्पा मला नंतर दिसले नाहीत.

आम्ही घर बंद करून किल्ली शेजारी दिली. रिकाम्या खुंट्या दोन. स्टेशनपर्यंत रिक्षा केली. बोईसरला उतरलो. घराचा जिना चढताना मंदा वळणावर थांबली, कठड्यावर हात ठेवून खाली बघितलं, मग वर बघितलं. मला वाटलं दम लागला.

"अहो," ती म्हणाली, "मी निघेन का इथून?"